संगणक शिकवील, पण शेजारी माणूस हवा

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत एका खासगी कंपनीचे प्रतिनिधी येऊन गेले. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी तयार केलेले एक ॲप त्यांना शाळेला विकायचे होते. ते कोणी तयार केले, कोणत्या वयाच्या मुलांवर त्याची चाचणी झाली, एखाद्या मुलाने त्यात जीव नकोसा झाल्याचे लिहिले तर पुढे काय होते, हे मी विचारले, तेव्हा त्यांनी रंगीत माहितीपत्रक पुढे केले. मात्र ‘हे घेतलेत की शाळेत समुपदेशक नेमण्याची न्यायालयाची अट आपोआप पूर्ण होते’ हे वाक्य त्यांनी तासाभरात तीनदा उच्चारले. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत बावीस वर्षे विज्ञान शिकवते आणि समुपदेशनाची पदविका घेतल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षे, अडचणीतल्या मुलांशी बोलण्याचे कामही सांभाळते. किशोरवयीन मुलांच्या नैराश्यावर संगणकाच्या मदतीने उपचार करता येतात, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच त्या वाक्याने मी अस्वस्थ झाले आणि हे पत्र लिहायला बसले.

या विषयात आपण ज्यांच्याकडून शिकावे असा देश म्हणजे न्यूझीलंड. ऑकलंड विद्यापीठातील बालमानसोपचारतज्ज्ञ सॅली मेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क्स’ नावाचा एक संगणकीय खेळ तयार केला. वरवर पाहता तो मुले खेळतात तशा कोणत्याही साहसी खेळासारखाच आहे. खेळणारा स्वतःसाठी एक पात्र निवडतो आणि निराशेने झाकोळलेल्या एका काल्पनिक जगात शिरतो. तेथे त्याच्या अंगावर काळपट चिलटे धावून येतात आणि ‘तुला काही जमणार नाही’ अशा धर्तीची वाक्ये बोलतात. चिलटासाठीचा ‘नॅट’ (GNAT) हा इंग्रजी शब्द येथे मुद्दाम योजलेला आहे, कारण ‘उदास, नकारात्मक, आपोआप येणारे विचार’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवली की तोच शब्द तयार होतो. चिलट नुसते मारून चालत नाही, ते कोणत्या जातीचा विचार बोलते आहे हे ओळखावे लागते. प्रत्येक भागाच्या आरंभी आणि अखेरीस एक मार्गदर्शक पात्र थेट मुलाकडे पाहून बोलते आणि आज खेळात जे शिकलास ते या आठवड्यात घरी किंवा शाळेत कोठे वापरशील, असा विषय काढते. असे एकूण सात भाग असून ते साधारण चार ते सात आठवड्यांत पुरे करायचे असतात. शांत श्वास घेणे, अंथरुणातून उठून एखादे छोटे काम हाती घेणे, भांडण न करता आपले म्हणणे मांडणे, अडचणीचे तुकडे करून एकेक सोडवणे, या गोष्टी त्यात क्रमाने येतात. हा खेळ प्रत्यक्ष घडवला तो एका माओरी महिलेने उभारलेल्या खेळनिर्मिती संस्थेने. त्या देशातल्या मुलांना तो परका वाटू नये, ही काळजी पहिल्यापासून घेतली गेली, हे मला महत्त्वाचे वाटते.

या खेळाची रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूझीलंडमधील २४ ठिकाणी, म्हणजे युवा दवाखाने, कुटुंबवैद्य आणि शाळांतील समुपदेशन केंद्रे येथे, मदत मागायला आलेल्या १२ ते १९ वयाच्या १८७ मुलामुलींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडण्यात आले. ९४ जणांना हा खेळ मिळाला आणि ९३ जणांना नेहमीचा उपचार, म्हणजे मुख्यतः समुपदेशकाशी किंवा मानसशास्त्रज्ञाशी समोरासमोर बसून होणारे संभाषण. खेळ हा नेहमीच्या उपचारापेक्षा कमी ठरला नाही, हा त्या चाचणीचा मुख्य निष्कर्ष. ठरल्याप्रमाणे उपचार घेतलेल्यांमध्ये खेळाच्या गटातील ४३.७ टक्के मुले नैराश्यातून बाहेर आली आणि दुसऱ्या गटातील २६.४ टक्के. लक्षणांत लक्षणीय सुधारणा झालेल्यांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते, त्यामुळे ‘यंत्राने माणसाला हरवले’ असा अर्थ कोणी काढू नये. २०१४ पासून न्यूझीलंडच्या सरकारने हा खेळ तेथील तरुणांना मोफत उपलब्ध करून दिला.

खेळ उपचार कसा करील, असे पुष्कळ पालक मला विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे. या खेळाच्या मुळाशी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी) या नावाने ओळखली जाणारी उपचारपद्धती आहे. अमेरिकेतील ॲरन बेक यांनी ती १९६०च्या दशकात मांडली आणि त्यांच्याच काळात अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली तिची जवळची नातलग पद्धत महाराष्ट्रात ‘विवेकनिष्ठ’ या सुंदर विशेषणासह रुजली. घटना आपल्याला जेवढे दुःख देते त्याहून अधिक दुःख त्या घटनेचा आपण मनात लावलेला अर्थ देतो, हे या पद्धतींचे सूत्र आहे. तो अर्थ तपासून पाहणे हे एक कौशल्य आहे आणि त्रैराशिक जसे पायऱ्यापायऱ्यांनी शिकता येते तसे तेही शिकता येते. पायऱ्या ठरलेल्या असल्यामुळेच त्यांतील बराच भाग संगणक शिकवू शकतो. शिवाय पंधरा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसासमोर बसून ‘मला रडू येतं’ हे सांगण्याची जी विलक्षण लाज वाटते, ती पडद्यासमोर वाटत नाही. पडदा चेहरा वाचत नाही, घाई करत नाही आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन कोणाला काही सांगतही नाही.

एवढे सगळे अनुकूल असताना अडते कोठे? न्यूझीलंडच्या चाचणीत ६० टक्के मुलांनी सातही भाग पूर्ण केले आणि ८६ टक्के मुलांनी निदान चार. पण चाचणीतील मुलाला कोणीतरी भेटलेले असते, त्याची चौकशी झालेली असते, काही आठवड्यांनी कोणीतरी पुन्हा विचारणार आहे हे त्याला ठाऊक असते. हाच आधार काढून घेऊन असे कार्यक्रम नुसतेच लोकांसाठी खुले केले तर किती जण ते टिकून वापरतात, याचा आढावा ‘स्पार्क्स’च्याच निर्मात्यांपैकी एक असलेल्या तेरेसा फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये घेतला. नैराश्य आणि चिंता यांसाठीच्या वेगवेगळ्या कार्यक्रमांत हे प्रमाण ०.५ टक्क्यापासून २८.६ टक्क्यांपर्यंत आढळले. आपण घडवलेल्या साधनाच्या जातकुळीबद्दल इतके प्रांजळपणे लिहिणाऱ्या संशोधकांचा मला आदर वाटतो. नैराश्य हा आजारच असा आहे की तो आधी उमेद खाऊन टाकतो. ज्याला सकाळी दात घासायला उठवत नाही, त्याने रोज आपणहून ॲप उघडावे ही अपेक्षा म्हणजे पाय मोडलेल्याला पायी दवाखान्यात बोलावण्यासारखे आहे.

माझ्या शाळेतला एक अनुभव येथे लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील जरा बदलले आहेत. नववीतल्या एका मुलीने खो-खोच्या संघातून अचानक नाव काढून घेतले. ती वर्गात सारखी चिडू लागली, पोटात दुखते म्हणून मधल्या सुट्टीत घरी जाऊ लागली. घरच्यांना ही अभ्यास टाळण्याची नाटके वाटली. मुलांमधले नैराश्य पुष्कळदा उदास चेहऱ्याने न येता असे चिडचिडीच्या आणि पोटदुखीच्या वाटेने येते, हे शिक्षकांनाही ठाऊक नसते, मग आईवडिलांना कसे असणार? तालुक्याच्या गावातील डॉक्टरांना दाखवून, नैराश्य सौम्य असल्याची त्यांच्याकडून खात्री करून घेऊन, मी तिला एक इंग्रजी स्व-मदत कार्यक्रम सुचवला. तो तिने आईच्या फोनवर घेतला. चौथ्या दिवशी रात्री जेवताना काकांनी तो फोन कशासाठी तरी हातात घेतला आणि त्याच क्षणी पडद्यावर ‘हाऊ आर यू फीलिंग टुडे?’ अशी सूचना झळकली. काकांनी ती मोठ्याने वाचली आणि ‘हिला काय झालंय?’ असे सगळ्यांदेखत विचारले. मुलीने त्याच रात्री तो कार्यक्रम काढून टाकला. ही चूक माझी होती. फोन आईचा असला तरी आमच्याकडे तो साऱ्या घराचा असतो, हा विचार मी आधी करायला हवा होता.

त्यानंतर आम्ही शाळेचीच संगणक खोली वापरायची ठरवली. खोलीत आठ संगणक आहेत, त्यांतले पाच चालतात. खिडकीकडच्या संगणकाचा पडदा दारातून दिसत नाही, तो आम्ही निवडला. बुधवार आणि शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास ती तेथे बसे आणि मी तीन बाके सोडून वह्या तपासत असे. मी तिच्या पडद्याकडे पाहायचे नाही, तिला वाटले तर तिने मला हाक मारायची, एवढाच करार होता. इंग्रजी अडले की ती शब्द विचारी. सोबत मी तिला एक शंभरपानी वही दिली होती आणि तीत तीन रकाने आखले होते: काय घडले, मनात काय आले, आणखी काय असू शकते. पहिले दोन रकाने भराभर भरत गेले. तिसरा दोन आठवडे कोराच राहिला. तिसऱ्या आठवड्यात मैत्रिणीने रस्त्यात ओळख दिली नाही, अशी नोंद झाली, तिच्यापुढे ‘मी तिला नकोशी झाले आहे’ असे लिहिलेले होते आणि तिसऱ्या रकान्यात बारीक अक्षरात, पेन्सिलीने, ‘कदाचित तिने मला बघितलंच नसेल’ असे आले होते. बाकीची सगळी वही पेनाने लिहिलेली होती. ते वाक्य खोडता यावे म्हणून तिने पेन्सिल घेतली असावी, असे मला वाटले. मी त्याविषयी काही बोलले नाही. पुढच्या शनिवारी त्याच वाक्यावरून तिने पेन फिरवले होते.

मला ठाऊक आहे की एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. म्हणून आपल्या शेजारच्या गोव्यातील एक काम येथे नमूद करते. तेथील ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या कमी असताना साध्या, प्रशिक्षित माणसांकडून शास्त्रशुद्ध मदत कशी पोहोचवता येईल, हा तिच्या कामाचा गाभा राहिला आहे. या संस्थेने माध्यमिक शाळांतील मुलांसाठी ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ नावाचा स्मार्टफोनवरील खेळ विकसित केला. समस्या, पर्याय आणि कृती या तीन पायऱ्यांनी आपली अडचण कशी हाताळावी हे तो गोष्टींतून शिकवतो. तो केवळ नैराश्याच्या रुग्णांसाठी नाही, अभ्यास, घर, मैत्री यांच्या ताणाने बेजार झालेल्या कोणत्याही मुलासाठी आहे. तो घडवताना मुलांनाच बोलावून त्यांची मते घेतली गेली आणि तो मुलांच्या हाती एकटा सोडला गेला नाही. सोबत मार्गदर्शन करणारा समुपदेशक होता, तोही मोठ्या पदव्यांचा तज्ज्ञ नव्हे, या कामापुरते नीट प्रशिक्षण घेतलेला माणूस. करोनाकाळात शाळा बंद असताना हेच मार्गदर्शन दूरध्वनीवरून देऊन पाहण्यात आले. आपल्याकडच्या मुलांसाठी, आपल्याकडच्या शाळांत हे जमू शकते, याचा इतका जवळचा पुरावा असताना आपण रंगीत माहितीपत्रकांवर का विसंबावे?

आमच्याकडे दहावीची परीक्षा जवळ आली की घराघरांत जे वातावरण तयार होते, त्या संदर्भात सिडनीतील एक अभ्यासही उद्बोधक आहे. तेथील दहा सरकारी शाळांतील अंतिम वर्षाच्या ५४० विद्यार्थ्यांवर ‘स्पार्क्स’च्या एका सुधारित आवृत्तीचा प्रयोग मोठ्या परीक्षेच्या आधीच करण्यात आला, म्हणजे नैराश्य येण्यापूर्वी. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. खेळ मिळालेल्या मुलांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आढळली, सहा महिन्यांनीही फरक टिकून होता, अठरा महिन्यांनी मात्र तो ठामपणे दाखवता आला नाही. फरक मोठा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तरीही जूनमध्ये शाळा उघडल्यावर दहावीच्या वर्गाला असे सात तास दिले गेले तर ते वाया जाणार नाहीत, असे मला वाटते.

आता त्या ‘अटी’विषयी. विशाखापट्टणम येथे शिकणाऱ्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक व्यवस्था करावी, असे त्यांत म्हटले आहे. न्यायालयाने माणूस मागितला आहे. त्या जागी ॲपची पावती फाईलला लावण्याचा मोह संस्थाचालकांना होईल, कारण पावती स्वस्त असते आणि माणसाला दरमहा पगार द्यावा लागतो. शिक्षण विभागाने वेळीच स्पष्ट परिपत्रक काढून हे दार बंद करावे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने २०१५-१६ मध्ये १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के असल्याचे नोंदवले होते. त्या पाहणीतील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण तोच आकडा धरला तर पाचशे मुलांच्या शाळेत छत्तीस-सदतीस मुले होतात. एवढ्या मुलांना आठवड्याला एकेक तास देणे एकट्या समुपदेशकाच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि संगणकाची खरी जागा येथेच आहे. सौम्य त्रास असलेली मुले संगणकावर शिकतील आणि समुपदेशक त्यांना आठवड्याला पंधरा मिनिटे भेटेल, तेव्हा ज्याची झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे, जगावेसे वाटत नाही असे जो सुचवतो आहे, त्याच्यासाठी समुपदेशकाला पूर्ण तास मिळेल आणि त्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचवता येईल. उपचारांविषयी मार्गदर्शक शिफारशी करणाऱ्या ब्रिटनमधील ‘नाईस’ या संस्थेच्या २०१९ च्या शिफारशींतही संगणकीय सीबीटीला स्थान आहे ते सौम्य नैराश्याच्या पहिल्या टप्प्यावर. न्यूझीलंडच्या चाचणीतूनही स्वतःला इजा करून घेण्याचा गंभीर धोका असलेल्या मुलांना वगळले होते.

हल्ली मुले रात्री उशिरापर्यंत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादयंत्रांशी मनातले बोलतात. त्यांना मी रागावत नाही, कारण त्या वेळी जागे असलेले दुसरे कोणी त्यांना दिसत नाही. परंतु वर उल्लेखिलेल्या कार्यक्रमांतील प्रत्येक वाक्य तज्ज्ञांनी आधी लिहिलेले आणि तपासलेले असते, तर हे यंत्र ऐन वेळी उत्तर जुळवते आणि समोरच्याला रुचेल असे बोलण्याकडे त्याचा कल असतो. दोन्ही गोष्टी ‘संगणकावरचा उपचार’ या एकाच नावाखाली शाळांना विकल्या जाऊ नयेत. शिवाय खासगी सेवा बंदही पडतात. ‘वोबॉट’ हे अमेरिकेतील नावाजलेले संवाद-ॲप जून २०२५ च्या अखेरीस बंद करण्यात आले. शाळेने आपली मुले ज्याच्या भरवशावर सोडली तेच उद्या नाहीसे झाले, तर मुलांना उत्तर कोणी द्यायचे?

म्हणून माझी मागणी अशी आहे की राज्य सरकारने असा एक कार्यक्रम स्वतःच्या खर्चाने मराठीत तयार करून घ्यावा आणि तो सर्व शाळांना मोफत द्यावा. मराठीत म्हणजे इंग्रजीचे भाषांतर नव्हे. आमची मुले ‘मी नैराश्यग्रस्त आहे’ असे कधीही म्हणत नाहीत. ती ‘कशातच मन लागत नाही’ म्हणतात, ‘डोकं जड झालंय’ म्हणतात, ‘मी घरात सगळ्यांना जड झालोय’ म्हणतात, आणि विदर्भातले मूल हेच वेगळ्या शब्दांत सांगेल. ते शब्द मुलांकडूनच गोळा करावे लागतील. कार्यक्रम इंटरनेटविना चालला पाहिजे, शाळेच्या जुन्या संगणकावर चालला पाहिजे, आणि त्यात लिहिलेले शाळेबाहेर जाता कामा नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व आणले आहे. ते योग्यच आहे, पण ज्या मुलाचे दुःखच घरातून आलेले असते, त्याला मदत मागण्याआधी घरी सांगावे लागणार नाही अशी वाट बालमानसोपचारतज्ज्ञ आणि कायद्याचे जाणकार यांनी बसून शोधली पाहिजे. ग्रामीण रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ नावाने चालणारी केंद्रे आहेत. शाळेतील संगणक खोली आणि हे केंद्र यांची सांगड घातली, तर नव्याने फारसे काही उभारावेही लागणार नाही.

आमच्या मुख्याध्यापकांनी त्या कंपनीला अजून होकार किंवा नकार कळवलेला नाही. पुढील सोमवारी शाळा समितीची सभा आहे आणि मी तेथे हेच सारे मांडणार आहे.

आपणांस एक विनंती आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तो दिवसरात्र चालतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण परीक्षांची वेळापत्रके ठळकपणे छापता. त्या चौकटीच्या तळाशी हा क्रमांक रोज छापावा. आमच्या फलकावर मी तो लिहून ठेवला आहे, पण फलकापुढे उभे राहून क्रमांक उतरवून घेताना मुलांना कोणीतरी पाहते. वर्तमानपत्र मात्र घरात आधीच आलेले असते.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका, जि. सातारा
(विद्यार्थिनीची ओळख उघड होऊ नये यासाठी कृपया माझे नाव प्रसिद्ध करू नये.)